वहिनीचं तिकीट, वन्संचं तिकीट

“आधी तू काढ,” वनमाला म्हणाली.

“माझ्या घरी आलीयस ना वहिनी? मग आधी तू,” कुंदा म्हणाली.

बळवंतने कपाळाला हात लावला. एक त्याची बायको, दुसरी सख्खी धाकटी बहीण. दोघींनी साठी ओलांडलेली. आणि भांडण कशावरून, तर पोस्टाच्या तिकिटावरून! मुलाचं, सिद्धेशचं लग्न तोंडावर आलं होतं. पत्रिका बळवंतच्या पिशवीत होती. आणि पोराची एकुलती एक आत्या म्हणत होती, वहिनी माफी मागत नाही तोवर मी हॉलची पायरी चढणार नाही. वहिनी म्हणत होती, माफी मागायचीच असेल तर तिने मागावी. शेवटी बळवंत वैतागला. दोन्ही तिकिटं एका टेबलावर ठेवा, म्हणाला, जिचं नकली निघेल तिने माफी मागायची आणि विषय संपवायचा. दोघींनी पटकन हो म्हटलं. जिंकायची खात्री दोघींनाही होती. म्हणून तर आज तो वनमालाला घेऊन मुलुंडहून भांडुपला आला होता.

खरं तर वनमालाला हा नाद कुंदानेच लावलेला. लग्न होऊन नवी नवी घरात आली तेव्हा नणंदेने तिला स्वतःचा अल्बम दाखवला, आणि झालं! दोघी मिळून प्रदर्शनं पालथी घालायच्या. नकली तिकीट पकडण्यात त्यांचा हात कोणी धरायचं नाही. त्यांना येताना बघून विक्रेते अर्धा माल टेबलाखाली सरकवायचे.

मग वनमालाने ते तिकीट घेतलं. इंग्रजांच्या एका आफ्रिकी वसाहतीचं, नॉटपेड पत्रावर लावायचं. पाठवणाऱ्याने पैसे कमी भरले की पोस्टमन ते घेणाऱ्याकडून दंडासकट वसूल करायचा, त्या दंडाचं तिकीट. मूळ तिकिटावर काळ्या शाईत नवी किंमत छापलेली, आणि ती चुकून उलटी. तशी उलटी फार थोडी सुटली, म्हणून त्यांना भाव. वनमाला नाचतच घरी आली. कुंदाने भिंग लावलं नि म्हणाली, “वहिनी, फसलीस गं!”

काही महिन्यांनी कुंदाने दुसऱ्या विक्रेत्याकडून तसंच तिकीट आणलं. या वेळी भिंग वनमालाने लावलं. “आता बोल. फसलं कोण?”

तेव्हापासून अबोला. भाऊबीजसुद्धा मुलुंड स्टेशनबाहेरच्या हॉटेलात, इडली-वडा खात व्हायची. बळवंतला ओवाळायला बहीण ताट पिशवीतून आणायची आणि वेटर हसायचे.

आता दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी होती. कुंदाने वहिनीचं चिमट्याने उचललं.

“दादा, बघ. हा गोल, पोस्टाचा शिक्का. आणि ही उलटी काळी अक्षरं. अक्षरं सरकारी छापखान्यात छापतात, मग तिकीट पोस्टात जातं, मग शिक्का बसतो. म्हणजे शिक्क्याची शाई अक्षरांवरून जायला पाहिजे. इथे अक्षरंच शिक्क्याच्या उरावर बसलीयत! वापरलेलं साधं तिकीट घेतलंय आणि कोणीतरी घरी बसून वर छापलंय. आधी बारसं, मग लग्न!”

बळवंतने भिंगातून पाहिलं. त्याच्यासारख्या अडाण्यालाही ते दिसलं.

“काहीतरीच,” वनमालाने मान उडवली. तिने नणंदेचं तिकीट त्याच्यासमोर सरकवलं. “अहो, हे बघा. शिक्का खाली, अक्षरं वर. आंधळ्यालाही कळेल. आणि ही मला शिकवतेय!”

बळवंतने तेही पाहिलं. मग परत पहिलं पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

“अगो बायांनो, एक सांगा. स्वतःच्या तिकिटाला कधी भिंग लावलंत?”

स्वतःच्याच मंगळसूत्राचं सोनं घासून बघायला सांगावं, तशा दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

“मी कशाला लावू? माझं खरंच आहे,” कुंदा म्हणाली.

“माझंही,” वनमाला म्हणाली.

“मग लावायला जातंय काय?”

कुंदाने तोऱ्यात भिंग उचललं आणि आपल्या तिकिटावर धरलं. धरलं ते धरलंच. वहिनीच्या तिकिटावर दाखवलेली एकेक गोष्ट तिला तिथे दिसत होती. तिने भिंग वनमालाकडे दिलं. वनमाला आपल्या तिकिटावर वाकली आणि बराच वेळ वर बघेना. बघितलं तेव्हा डोळे भरलेले होते. तिकिटाचं वाईट वाटतच होतं. पण इतक्या भाऊबिजा हॉटेलात गेल्या, त्याचं फार जास्त वाटलं.

“वाट लागली,” ती म्हणाली.

“दोघींची,” कुंदा म्हणाली, आणि तिला हसूच आवरेना.

वनमालाने नवऱ्याच्या पिशवीतून पत्रिका काढली. उठून आतून कुंकवाचा करंडा आणला. तो कुठे असतो ते तिला अजून पाठ होतं. नणंदेला कुंकू लावलं, हातात पत्रिका दिली. “आत्याबाई, हळदीच्या आदल्या दिवशीच यायचं राहायला. कारणं नकोत.”

“माझ्या हातची करंजी लागणारच ना तुला,” कुंदाने नाक ओढत म्हटलं.

बळवंतला काही उमजेना. एवढा पंच म्हणून आलेला, त्याचा निवाडा राहिलाच की!

“अगं, पण माफी कोणी मागायची? चुकलं कोण?”

“कोणी नाही हो,” वनमाला म्हणाली. “इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या तिकिटाबद्दल खरं तेच सांगत होतो.”