चाखायचं, गिळायचं नाही

सोनेरी कागद

"जिभेच्या टोकावर ठेव. चव कळली की थुंक," उम्म खल्दून, म्हणजे खल्दूनची आई, सुनेला म्हणाली. "गिळायचं नाही. रोजा मोडेल."

लमीसनं सोनेरी कागद सोडवला आणि चॉकलेटचा कोपरा दातानं तोडला. रोजा सोडायची, इफ्तारची तोफ व्हायला पाऊण तास होता. तिसावा, शेवटचा रोजा, उद्या ईद. टेबलावर दुकानातून आणलेल्या तीन पिशव्या होत्या, तीन तऱ्हांच्या चॉकलेटांच्या. मध्ये पाहुण्यांपुढे फिरवायचं चांदीचं तबक, रिकामं.

लमीस कागदी रुमालात थुंकली.

"नुसती साखर."

"आणि तेल." सासूनंही चाखलं, थुंकलं, जीभ पुसली. "शेजारची विदाद दरवर्षी असलंच आणते. पाहुण्यांना साबण वाटते आणि वर म्हणते, लाजू नका, अजून एक घ्या."

निळा कागद

यात अख्खा हेझलनट होता. उम्म खल्दूननं डोळे मिटून घेतले. थुंकायला या वेळी तिला उशीर झाला.

"हेच. माझ्या खल्दूनचं हेच. शाळेतून येताना खिसे भरून आणायचा. याचे कागद मला गादीखाली सापडायचे."

लमीस रुमालाची घडी घालत होती.

"मागच्या ईदला तुम्ही नारळाचं म्हणाला होतात, खाला."

"नारळाचंही आवडायचं."

"त्याच्या आधीच्या ईदला संत्र्याचं. त्याचेही कागद गादीखालीच सापडायचे."

उम्म खल्दूननं डोळे उघडले.

"मग तू सांग. बायको ना त्याची? कोणतं आवडायचं त्याला?"

लमीसनं तिन्ही पिशव्यांवरून नजर फिरवली. सोनेरी. निळी. लाल.

"मला आठवत नाही."

"आठवत नाही." सासू हसली. "चार वर्षांत बाईसाहेब नवऱ्याची आवड विसरल्या. येऊ दे त्याला, सांगते."

"सांगा."

कागद नाही

काल लमीसचा भाऊ खल्दून मेल्याचा कागद मागायला काझीकडे जाऊन आला. घरात आला नाही. दारातच उभं राहून त्यानं काझीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

खल्दूनची नाव समुद्रात बुडाली, मान्य. चार वर्षं निरोप नाही, तेही मान्य. पण ज्या घरातलं माणूस गेलं, ते घर त्यानंतरच्या पहिल्या ईदला गोड वाटत नाही, पाहुण्याला कडू कॉफी देतं. तुझ्या बहिणीच्या सासरी वर्षाला दोन, अशा आठ ईद चॉकलेट वाटलं गेलं. मीही खाल्लंय. ज्याची आई तबक भरून त्याची वाट बघतेय, त्याला मी मेलेला कसा लिहू? आणि तो मेलेला नसेल, तर तुझी बहीण विधवा कशी? माहेरी कशी न्यायची तू तिला, दुसरं घर कसं बघायचं?

उम्म खल्दून तेव्हा आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

लाल कागद

हे काळं होतं, जवळजवळ बिनसाखरेचं. लमीसनं ते अख्खं तोंडात टाकलं.

"कोपरा म्हटलं होतं मी."

लमीस चावत राहिली. मग तिचा गळा हलला.

"गिळलंस?"

"हो."

"जाणूनबुजून?"

"हो."

"तिसाव्या रोज्याला. तोफेला अर्धा तास राहिला असताना." उम्म खल्दूनचा आवाज खाली आला. "एका रोज्यानं नाही फिटत हे. साठ धरावे लागतील, सलग. ठाऊक आहे ना?"

"धरीन. साठांना शेवट असतो, खाला."

"कसं आहे?" सासूनं विचारलं.

"कडू. पण घशाखाली जातं."

लमीस उठली. ईदच्या सकाळची कडू कॉफी आदल्या संध्याकाळीच चढवावी लागते; तासन्तास आटवल्याशिवाय तिला चव येत नाही. वरच्या फळीवरून तिनं पितळी भांडं काढलं. त्यात कोळ्याचं जाळं होतं. तिनं ते दोनदा घासलं, पाणी भरलं, कॉफी घातली, चार वेलच्या ठेचून टाकल्या. साखरेचा डबा हाताशीच होता. तो तिनं मागे सरकवला.

"कुणाला विचारून?" उम्म खल्दून म्हणाली.

लमीसनं गॅस पेटवला.

"मी विचारतेय, कुणाला विचारून चढवलीस? हे घर कुणाचं आहे?"

"उद्या विदादखाला पहिली येईल," लमीस तिच्याकडे पाठ करूनच म्हणाली. "तबक तुम्ही भरा. कॉफी मी आणीन. तिला काय घ्यायचं ते घेऊ दे."

उम्म खल्दूननं लाल पिशवी ओढली. एक चॉकलेट सोडवलं, अख्खं तोंडात ठेवलं आणि ओठ मिटले. रुमाल समोरच होता. तो तिनं उचलला नाही.

कॉफीला उकळी आली. लमीसनं आच बारीक केली. तबक रिकामंच होतं.

बंदराच्या बाजूनं तोफ झाली. वरच्या मजल्यावर खुर्च्या सरकल्या, पेले वाजले, कुणीतरी मोठ्यानं बिस्मिल्ला म्हटलं. आता गिळायला हरकत नव्हती. लमीसनं पाण्याचा पेला आणि एक खजूर सासूपुढे ठेवला.

उम्म खल्दूनच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक तपकिरी ओघळ हनुवटीपर्यंत आला. तोंड मिटलेलंच होतं.