टीव्ही बिघडलाय

टक्कल पडू लागलेल्या धाकट्या भावाने माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला. ती टुणटुण धून वाजली आणि ताईला सगळं आठवलं. त्या गेममध्ये सेव्ह करायची सोय नव्हती. शेवटच्या किल्ल्यापाशी पोचावं आणि नेमकी जेवायची हाक यावी. टीव्ही बंद केला तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून दोघं पॉज करून टीव्हीवर चादर टाकायची. बाबा बातम्या लावायला आले की आई मध्ये पडायची, "अहो, टीव्ही बिघडलाय."

दिवसभर लोकांचे टीव्ही दुरुस्त करून आलेले बाबा "बरं" म्हणायचे आणि मुकाट्याने पानावर बसायचे.

"बाबा, तुम्ही गावाचे टीव्ही दुरुस्त केलेत," ताईने आज इतक्या वर्षांनी चिमटा काढला, "घरचा मात्र कधी उघडूनसुद्धा पाहिला नाहीत!"

बाबा खुर्चीत हसले. "अगं, चादरीखालून उजेड दिसायचा की. आणि टीव्ही बंद केला असता तरी तुमचा खेळ गेला नसता. खेळ त्या डब्यात चालू असतो, टीव्हीत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मग तेव्हाच सांगायचं ना!" भाऊ म्हणाला. "उगाच रोज बातम्या बुडवल्यात."

बाबांची नजर स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे गेली.

"खोटं बोलताना तुमच्या आईचे कान लालबुंद व्हायचे. ते सोडून बातम्या कोण बघेल?"