दुसऱ्या नोव्हेंबरचा दाखला

हनुमंताला काम सांगावं आणि ते वेळेवर व्हावं, असं फुलाबाईंच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. कॅनडाहून आणलेल्या बॅगा अजून अंगणातच होत्या, तोच त्यांनी ओट्यावर बसकण मारून पुतण्याला समोर उभं केलं.

"एक काम सांगितलं व्हतं तुला. एकच. तेबी वेळेला जमलं न्हाई. रोज दुधाचा टेम्पो घेऊन नसरापूरला जातूस, बँकेवरनं जातूस. मग डोस्कं काय दुधाच्या कॅनीत ठेवून जातूस?"

हनुमंत ताज्या सारवणावर पायाचा अंगठा घासत उभा. "चुकलं काकी," एवढंच म्हणाला.

"जाऊ दे आई," कुमार म्हणाला खरा, पण हनुमंताकडं बघितलं तेव्हा त्याच्याही कपाळावर आठी होती.

कुमारनं आईला कॅनडाला नेलं त्याला दोन वर्षं होत आली. पेन्शनवाल्यांनी दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. तिकडं आपल्या वकिलातीची माणसं शिबिर भरवतात. फुलाबाईंनी पंजाबी म्हाताऱ्यांच्या रांगेत उभं राहून शिक्का मारून घ्यायचा, कुमारनं तो कागद कुरिअरनं गावी गुंजवण्याला धाडायचा आणि हनुमंतानं तो बँकेत द्यायचा, असं ठरलं होतं. पहिल्या नोव्हेंबरचा दाखला बँकेत पोचला. दुसऱ्याचा हनुमंताच्या ट्रंकेत पडून राहिला आणि जानेवारीपासून पेन्शन थांबली.

पेन्शन फुलाबाईंची स्वतःची होती. शाळा चौथीतच सुटलेली, पण सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं परिचर म्हणून काढली. लशीचा डबा खांद्याला अडकवून त्या धनगरवाड्यांपर्यंत चालत जायच्या. त्यांना लांबून बघून पोरं करवंदीच्या जाळीत दडायची. मग फुलाबाई एकेकाला तंगडीला धरून बाहेर ओढायच्या. घरचा असून हनुमंतही त्यातलाच एक. दंडावरची खूण अजून होती.

दुसऱ्या दिवशी तिघं टेम्पोतून बँकेत निघाले. मार्च लागला होता. उतारावर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजत होते. धुराचा तो ओळखीचा वास आत आला तशी फुलाबाईंनी काच पार खाली केली.

"तिकडं धूर काढायची सोय न्हाई, हनुमंता. म्या एकदा चुलीवानी भाकर थेट जाळावर भाजाया घेतली, तर छताला शिट्टी वाजाया लागली. समदी बिल्डिंग रस्त्यावर! भांडाया कुणी आलं का? न्हाई. माझ्याकडं बघून हसली आन् वर गेली. आसल्या गावात माणसानं जगावं तरी कसं?"

हनुमंत खळखळून हसला. फुलाबाईंना एकदम राग आठवला. "तू दात काढू नगंस. गाडी चालव."

बँकेतल्या खिडकीवरच्या मुलीनं कागद चाळले.

"परदेशात राहिलं म्हणून पेन्शन जात नाही, आजी. दाखला आला नाही की थांबते."

"मोबाईलवर चेहरा दाखवून होतं ना आता?" कुमारनं विचारलं.

"पुढच्या वर्षी तसं करा. आधी ही थांबलेली सुरू व्हायला पाहिजे. फॉर्म कोषागारात जाईल. दोन-तीन महिने धरून चाला. मधे पडताळणीला बोलावलं तर यांनी स्वतः हजर राहायचं."

"आमचं वीस तारखेचं विमान आहे. दोघांचं."

"मग यांना ठेवून जा," मुलगी म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर येऊन चहाचा कप हातात घेतल्यावर कुमार हळूच म्हणाला, "आई, राहू दे ना. तुला तिथं काय कमी आहे? सोडून दे ती पेन्शन."

फुलाबाईंनी कप खाली ठेवला.

"तुझ्या बापाच्या जिवावर मिळालेली न्हाई ती. ह्या पायांनी मिळवली. तुला पाठीला बांधून डोंगर चढलेय म्या, तवा कुठं शिकून कॅनडाला गेलास. आन् सोड म्हणतूस? उद्या म्हणशील, नावबी सोड."

लहानपणी आईच्या लुगड्याला येणारा स्पिरिटचा वास कुमारला आठवला. त्यानं चहा संपवला, मोबाईल काढला आणि आईचं तिकीट रद्द केलं.

वीस तारखेला सकाळीच गाडी आली. कुमार आईच्या पाया पडला.

"पेन्शन सुरू झाली की लगेच कळव. त्याच दिवशी तिकीट काढतो."

"कळवते. अंगात गरम घालत जा. आन् सूनबाईला सांग, माझ्या नातीला नुसत्या पावावर वाढवू नको."

गाडीत बसता बसता तो हनुमंताकडं वळला. "आता तरी आईच्या कामात हयगय करू नकोस."

"न्हाई करणार, दादा."

गाडी धरणाच्या वळणाला दिसेनाशी झाली. फुलाबाई पदर डोळ्यांना लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर कमरेला खोचून त्या मागं वळल्या. हनुमंत दहा दिवसांत पहिल्यांदाच मान वर करून हसत होता.

"हसतूस काय, मेल्या? कागद ट्रंकेत दाबून ठेव म्हणून पहिल्याच नोव्हेंबरात फोन केला व्हता तुला, आन् तू पळत जाऊन बँकेत देऊन आलास. तुझ्यापायी त्या बर्फात अख्खं एक वरीस जास्ती काढलं म्या. आसला कामचुकार माणूस जन्मात बगितला न्हाई!"