रविवारची भेट

“काका, कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे. या व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रामचंच चुकतंय,” शेजारची ऋजुता म्हणाली. रविवारी भरदुपारी त्यावर आलेल्या जाहिरातीवर संध्याकाळची वेळ दिसली, म्हणून देवस्थळींनी तिला हाक मारली होती.

बायको गेल्यावर, ‘मी परदेशात येणार नाही’ म्हणून ते मुलीशी, सुनीतीशी, कडाडून भांडले. बोलणंच तुटलं. मग तिचाच निरोप आला: दर रविवारी या प्रोग्रामवर भेटू. तेव्हापासून दर रविवारी, त्यावर दिसणाऱ्या वेळेला, संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून स्क्रीनसमोर बसत. ती कधीच आली नाही. का, हे विचारायला त्यांचं मन धजेना.

“सेटिंग दुसऱ्याच देशाचं आहे.” ऋजुताने ते बदललं, तशी कॉलची वेळ संध्याकाळवरून दुपारवर आली. “अहो काका, हा तर आत्ताच चालू आहे!”

त्यांनी घाईघाईने बटण दाबलं. समोर एक स्वयंपाकघर दिसू लागलं. लॅपटॉप उघडा ठेवून सुनीती पाठमोरी भांडी विसळत होती.

“सुनीती...”

ती गर्रकन वळली. “बाबा? मला वाटलं, तुमचा राग गेलाच नाही. मी दर रविवारी इथेच असते हो.”

“मीही, बाळा,” ते म्हणाले.