क्लीनरची सीट

शामरावांनी शेवटचा नट आवळला, शिडी लावली आणि बायकोला वर घेतलं. जुन्या दहाचाकी ट्रकचा हौदा उतरवून त्या जागी त्यांनी वर्षभर खपून घर उभं केलं होतं. दोघांनी लडाखपर्यंत जायचं ठरलं होतं.

इंदूताईंनी सगळं निरखून पाहिलं. ओटा त्यांच्याच उंचीचा होता, पलंगाला लागून खिडकी होती, घाटात डबे पडू नयेत म्हणून फळ्यांना पट्ट्या ठोकल्या होत्या.

"छान केलंत," त्या म्हणाल्या. शामराव सुखावले. पण इंदूताई खाली उतरल्या आणि त्यांनी पुढच्या केबिनचं डावं दार उघडलं.

तिथे पाण्याची टाकी होती.

"क्लीनर न्यायचा नाही, मग सीट कशाला? काढून भंगारात टाकली," शामराव म्हणाले. "तू मागे आरामात झोपून ये."

"जन्मभर तुम्ही ट्रक घेऊन रस्त्यावर आणि मी मागे घरात. आता सोबत निघालो, तरी मी मागेच?"

 शामरावांनी टाकीचं पाणी सोडून दिलं आणि ते पाना शोधायला लागले.

तोवर इंदूताई भंगारातली सीट झटकत होत्या.