चौथं चाक

वाटणीसाठी कोर्टात गेलेल्या दिरानं आपण होऊन वृंदाच्या गाडीची पुढची चाकं मागे, मागची पुढे बसवून दिली, तेव्हाच तिला शंका आली होती. आता घाटाच्या अलीकडे त्याची मोटरसायकल आडवी आली. पाना घेऊन तो उतरला. तिनं काच जेमतेम खाली केली.

"वहिनी, चाकं बदलली की थोडं चालवून नट पुन्हा आवळावे लागतात. सांगायचं राहिलं."

"द्या इकडे. मीच आवळते, भाऊजी."

पाना तिच्या हाती देऊन तो बाजूला झाला. तीन चाकांचे नट घट्ट होते. चौथ्याचा एक सहज फिरला. तिनं चमकून वर पाहिलं.

"म्हणूनच तर मागोमाग आलो," तो म्हणाला.

तिनं नट आवळला, त्याचे आभारही मानले. पाना मात्र आपल्याच गाडीत ठेवला.