अठरा किलोमीटर

"काका, हे शर्यतीच्या गाड्यांचं खूळ आहे," मेकॅनिक म्हणाला. "ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी एक्झॉस्टमध्ये पेट्रोल जळत राहतं आणि टर्बो फिरता ठेवतं. पुन्हा पाय दिला की गाडी क्षणभरही रेंगाळत नाही. पण टर्बो लालबुंद होतो. रोज रस्त्यावर चालवलीत तर चार महिन्यांत त्याचे बारा वाजतील. आणि एवढं करून वाचणार काय, तर दोन-चार मिनिटं."

"तेवढी वाचू देत," काका म्हणाले. त्यांच्या मुलीसाठी यकृत मिळालं की हॉस्पिटलमधून फोन येणार होता, आणि सगळा घाट उतरून तिला दोन तासांत पोचवायचं होतं.

मेकॅनिकने पुढे वाद घातला नाही. काम करून दिलं आणि नेहमीसारखा मीटरचा आकडा जॉबकार्डावर लिहून ठेवला.

चार महिन्यांनी काका गाडी घेऊन आले. "हे काढून टाका," एवढंच म्हणाले.

टर्बोची राख झाली असणार असं धरूनच मेकॅनिकने तो खोलला. आत टर्बो नवाकोरा होता. त्याने मीटर बघितला आणि जुनं कार्ड शोधून काढलं. गाडी अठरा किलोमीटर चालली होती. काकांचं घर गॅरेजपासून नऊ किलोमीटरवर होतं.

"गाडी बाहेर काढलीच नाहीत?"

"बाजारहाट सायकलवरून केला. टर्बो राखून ठेवला होता."

"मग ताईला नेलंत कशातून?"

"फोन आलाच नाही."